चार पडद्यांची गोष्ट : घरच्या घरी, कमी खर्चात पखवाज कसा ध्वनिमुद्रित करावा

(हिवरा आश्रम, जि. बुलडाणा येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि विषय काय, तर घरात पखवाज रेकॉर्ड कसा करायचा! पण हा विषय मी निवडलेला नाही, तुमच्यातल्याच पोरांनी दिलेला आहे. निवृत्तीनंतर गावोगावच्या भजनी मंडळांचं वादन नोंदवून ठेवायचा मला नाद लागला. मग मुलं विचारायला लागली, "सर, आमच्याकडे मोबाईल आहे, फार तर पाच-सात हजार जमतील. त्यात मृदंग नीट रेकॉर्ड होईल का?" हो, होईल. कसा होईल ते सांगायला आज उभा आहे.

या गावात हा विषय परका नाही. शुकदास महाराजांनी हे सगळं उभं केलं ते स्वामी विवेकानंदांच्या नावानं. विवेकानंद उत्तम गात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते पखवाज आणि तबलाही वाजवत, हे कमी जणांना ठाऊक असतं. संन्यास घेण्याच्या आधी, नरेंद्रनाथ दत्त असताना, वैष्णवचरण बसाक यांच्यासोबत त्यांनी 'संगीतकल्पतरु' नावाचा बंगाली गीतसंग्रह सिद्ध केला. तो 1887 साली छापला गेला. त्या काळात भारतात ध्वनिमुद्रणाची सोय असती, तर त्यांच्या हाताची एखादी थाप आज आपल्याला ऐकता आली असती. ती नाही. ग्रंथ राहिला, हात गेला.

आपला मुद्दा इथूनच सुरू होतो. आपल्या पंचक्रोशीत सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले मृदंगमणी आहेत. त्यांचा भजनी ठेका, त्यांची लग्गी, त्यांचा तिहाईवर यायचा ढंग कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नाही. बोल लिहिता येतात, वजन लिहिता येत नाही. म्हणून हे काम शहरातल्या स्टुडिओवर सोडून चालणार नाही. तिथलं तासाचं भाडं परवडत नाही, आणि म्हातारा माणूस तिथे अवघडून बसतो. तो मोकळा वाजवतो आपल्या ओसरीवर. तेव्हा ओसरीचाच स्टुडिओ केला पाहिजे.

याज्ञवल्क्यांचा नगारा

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, एक दृष्टांत देतात. नगारा वाजत असताना बाहेर पसरलेले त्याचे आवाज एकेक करून धरता येत नाहीत. पण नगाराच धरला, किंवा वाजवणारा धरला, तर आवाजही हाती येतो. दृष्टांत आत्म्यासाठी आहे, तो अर्थ मी आज बाजूला ठेवतो. पण रेकॉर्डिंग करणाऱ्यानं हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. नवशिका काय करतो? हवेत पसरलेल्या आवाजाच्या मागे धावतो. महाग माइक शोधतो, सॉफ्टवेअर शोधतो, त्यातले 'इफेक्ट' शोधतो. आधी वाद्य धरा, वाजवणारा धरा. ऐंशी टक्के काम तिथेच होतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता यंत्राकडे जरा नीट बघा. पखवाजावर थाप पडते तेव्हा चामड्याचा पडदा हलतो. तो हवा हलवतो. ती हवा माइकमधला पातळ पडदा हलवते, त्याची वीज होते. पुढे तीच वीज स्पीकरचा पडदा हलवते. पुन्हा हवा हलते आणि शेवटी तुमच्या कानाचा पडदा हलतो. पडदे किती झाले? चार. पुडी, माइक, स्पीकर, कान. माइक म्हणजे दुसऱ्यानं हलवलेला छोटा ढोल, आणि स्पीकर म्हणजे विजेनं वाजवलेला ढोल. नैयायिक म्हणत की ध्वनी उपजतो आणि नाश पावतो, तो साठवता येत नाही. त्यांच्या दृष्टीनं रेकॉर्डिंग म्हणजे तो आवाज नव्हेच, त्याच्यासारखा दुसरा आवाज पुन्हा जन्माला घालायची युक्ती आहे. मला हे म्हणणं पटतं, आणि कामालाही येतं. कारण मग आपण विचारतो : या चारांपैकी कुठल्या पडद्यावर काय बिघडतंय?

पहिला पडदा : पुडी

साध्या गोल पडद्यावर, म्हणजे डफावर किंवा रिकाम्या डब्यावर ताणलेल्या चामड्यावर थाप मारली तर एक मूळ सूर निघतो आणि त्याच्यासोबत वरचे सूर निघतात. ते मूळ सुराच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे विचित्र प्रमाणात येतात. कानाला त्यातून ठाम सूर लागत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. आपल्या पूर्वजांनी पुडीच्या मध्यावर शाई चढवली. थरावर थर देऊन, घोटून. त्यामुळे हे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणात येतात आणि वाद्य सुरात बोलतं. हे शास्त्रीय भाषेत जगाला सांगितलं सी. व्ही. रामन यांनी. 1920 साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर' या नियतकालिकात यावर टिपण लिहिलं आणि 1934 साली सविस्तर निबंध. तेव्हा आपला मृदंग म्हणजे काही गावठी धबधब नाही.

पण हे सगळं वाद्य सुरात असेल तरच. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधीचा पहिला अर्धा तास हातोडीचा. गायकाची पट्टी विचारा, काळी चार की पांढरी एक ते ठरवा, मोबाईलवर तंबोऱ्याचं फुकट ॲप लावा आणि गजऱ्यावर चारी बाजूंनी फिरत सूर मिळवा. एका घराचा सूर चढा आणि समोरच्या घराचा उतरलेला असेल, तर 'ता' लांबत नाही, त्याला लाट येते. ही लाट कुठल्याही सॉफ्टवेअरमधून काढता येत नाही.

डाव्या बाजूला, धुम्याला, आपण कणीक लावतो. त्याचंही कारण वजनाचंच. ओल्या कणकेच्या वजनानं पडदा संथ हलतो, सूर खाली जातो, घुमार येतो. पण कणीक वाळते. वाळली की वजन कमी होतं आणि धुमा हळूहळू चढतो. उन्हाळ्यात आपल्याकडे हे फार लवकर होतं. सकाळी नऊला घेतलेला तुकडा आणि साडेदहाला घेतलेला तुकडा जोडायला जाल, तर दोन वेगळे पखवाज वाटतील. उपाय साधा आहे. दर तुकड्याआधी ओल्या बोटानं कणीक तपासा, आणि पहिल्या तुकड्यातली एक थाप वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी तिच्याशी ताडून बघा. पावसाळ्यात उलटं होतं. दमट हवेनं चामडं सैल पडतं, उजवी बाजू उतरते. महत्त्वाचं रेकॉर्डिंग शक्यतो झडीत ठेवू नका. टिनाच्या घरात तर नाहीच नाही.

वाजवणाऱ्याबद्दलही दोन शब्द. अंगठ्या, कडं, घड्याळ काढायला सांगा. खाली सतरंजी असू द्या, म्हणजे पायाचा ठेका फरशीतून माइकपर्यंत जात नाही. आणि पहिली पंधरा मिनिटं 'रेकॉर्डिंग सुरू' असं म्हणूच नका. हात गरम होऊ द्या.

मधली हवा : खोली

पडद्यांच्या मध्ये हवा आहे आणि हवेला भिंती आहेत. खोली म्हणजे फुकट मिळालेलं दुसरं वाद्य. ते चांगलंही असतं, वाईटही.

एक परीक्षा करा. घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन एक टाळी वाजवा. टाळीमागे 'ट्रर्र' असं काही ऐकू आलं, तर समजा समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाजाचा चेंडू खेळताहेत. आपल्याकडे प्लास्टरच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब किंवा टिन. टाळी ठणठणीत वाजते. माणसाला अशा खोलीत गायला आवडतं, पण पखवाजाच्या बोलांचं त्यात पीठ होतं.

दुसरी भानगड ठोकळ्यासारख्या खोलीची. दहा बाय दहाची खोली आपल्याकडे घरोघरी. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. आवाज एका सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्याला तीनच्या दुपटीनं, म्हणजे सहानं भागा, उत्तर 57 च्या जवळपास येतं. त्या आणि त्याच्या पटीतल्या कंपनांना ही खोली स्वतःच घुमते. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हीकडून एकच सूर घुमतो. म्हणून धुमा कुठे फुगतो, कुठे गायब होतो. अशा खोलीत बरोबर मध्यावर बसू नका, कोपऱ्यातही बसू नका. मधून थोडं सरकून, तिरपं बसा. लांबट खोली किंवा तीन बाजूंनी बंद ओसरी असेल, तर त्याहून बरं.

आता ठणठणाट कसा मारायचा? गाद्या, गोधड्या, वाकळी. दोरी बांधून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. चिकटवून लावण्यापेक्षा पुढे टांगलेली गोधडी जास्त काम करते, कारण अगदी भिंतीलगत हवा फारशी हलतच नाही. हलत्या हवेलाच कापूस अडवू शकतो. आणि कापसाचं म्हणाल तर आपण कापसाच्या मुलखात राहतो! वेचणी झाल्यावर ज्या घरात एका खोलीत छातीइतका कापूस भरलेला असतो, त्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळी मरते. शहरातले लोक असल्या शोषणासाठी हजारो रुपये मोजतात. कापूस विकायला जायच्या आधीचे आठ दिवस हा आपला सुगीचा स्टुडिओ. फक्त तिथे विडी-काडी नको आणि विजेची उघडी वायर नको, हे हात जोडून सांगतो.

मात्र एक लक्षात ठेवा. गोधडी वरचे आवाज खाते, धुम्याचे खालचे आवाज खात नाही. 100 कंपनांच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. दोन इंचाची गोधडी तिचं काय वाकडं करणार? म्हणून खालच्या आवाजासाठी गोधडी नव्हे, जागा बदलायची.

दुसरा पडदा : माइक

सुरुवात मोबाईलपासून करू. 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा गृहस्थ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. माइक नव्हता, वीज नव्हती. एका कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि त्या कर्ण्याच्या जोरावर सुई मेणात रेघ ओढायची. खालचे सूर त्यात जेमतेमच उमटत. विजेवरचं मुद्रण आलं 1925 मध्ये. तुमच्या खिशातला मोबाईल त्या कर्ण्यापेक्षा कितीतरी पुढचा आहे. तेव्हा साधन नाही ही सबब चालणार नाही.

पण मोबाईलला एक खोड आहे. तो बोलण्यासाठी बनवलेला आहे. जोराचा आवाज आला की तो आपोआप पातळी खाली ओढतो, शांतता झाली की वर नेतो. पखवाजावर 'धा' पडला की आवाज दबतो आणि दोन थापांच्या मध्ये पंख्याची घरघर वर येते. ठेका धापा टाकल्यासारखा वाटतो. म्हणून ज्यात ही आपोआप पातळी बंद करता येते आणि फाइल 'वेव्ह' स्वरूपात ठेवता येते, असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. असे फुकटही मिळतात. फाइल मोठी होते. 48 हजार नमुने आणि 24 बिटला एका माइकची फाइल मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. होऊ द्या. मूळ नोंद मोठीच असावी, पाठवायची तेव्हा लहान करता येते.

पातळी कशी ठेवायची? वादकाला सांगा, तुमची सगळ्यात जोराची थाप मारा. त्या थापेला काटा शून्याच्या खाली 10 ते 12 डेसिबलवर थांबला पाहिजे. वादक परीक्षेच्या वेळी मारतो त्यापेक्षा रंगात आल्यावर जोरात मारतो, म्हणून ही जागा राखायची. तालवाद्याची थाप क्षणभर उंच उसळते आणि लगेच खाली येते. शून्याच्या वर गेली की तिचं डोकं कापलं जातं, आणि कापलेलं डोकं परत लावता येत नाही. कमी पातळीवर घेतलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो. 24 बिटमध्ये त्याला भरपूर जागा असते.

माइक कुठे ठेवायचा? एकच माइक असेल तर वादकाच्या समोर, पखवाजाच्या मध्यापासून दीड-दोन फुटांवर, वाद्यापेक्षा थोडा उंच. म्हणजे दोन्ही तोंडं त्याला सारखी दिसतात. शाईची बाजू कमी वाटली तर चार बोटं उजवीकडच्या तोंडाकडे सरका, धुमा कमी वाटला तर डावीकडे. बटणं फिरवू नका, माइक सरकवा. अंतर दुप्पट केलं की वाद्याचा थेट आवाज साधारण सहा डेसिबलनं कमी होतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे खोली वाईट असेल तर जवळ या, चांगली असेल तर लांब जा. पण पुडीच्या अगदी तोंडाशी जाऊ नका. तिथे बोटाचा चटका ऐकू येतो, वाद्य ऐकू येत नाही.

आता दोन माइकांची गोष्ट. नवशिक्याला वाटतं, एकापेक्षा दोन बरे. नेहमीच नाही. समजा दोन माइकांच्या अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक आहे. आवाज दुसऱ्या माइकला एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मिसळले की 500 कंपनांच्या आसपास लाटा एकमेकींना खातात, पुन्हा 1500 ला, पुन्हा 2500 ला. आवाज पोकळ होतो, डब्यात बसून वाजवल्यासारखा. म्हणून दोन माइक एकाच तोंडावर लावू नका. एक उजव्या तोंडाला, एक डाव्या तोंडाला, दोन्ही सारख्या अंतरावर.

तिथेही एक गंमत आहे. उजव्या पुडीवर थाप मारली की ती पुडी आत जाते. आतली हवा दाबली जाते आणि डावी पुडी बाहेर फुगते. एक माइक 'आत' म्हणतो, दुसरा 'बाहेर' म्हणतो. दोघांचं भांडण होतं आणि घुमार नाहीसा होतो. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची फेज उलटायचं बटण असतं. ते दाबून बघा. ज्या बाजूला धुमा भरदार वाटेल ती बाजू बरोबर. नियम पाठ करायची गरज नाही, कान सांगतो.

वीज, वायर आणि वेळ

लॅपटॉप वापरत असाल तर रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढा. पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते. इन्व्हर्टरवर घर चालू असेल तर ती जास्त येते. लाइन जायची वेळ असेल तर तिचा फायदा घ्या. पंखे, फ्रिज, शेजारचा टीव्ही, आट्याची चक्की सगळंच बंद असतं! पहाटेची वेळ सगळ्यात चांगली.

गायन आधी झालं आहे आणि पखवाज नंतर वाजवायचा आहे, असं असेल तर वायरचेच हेडफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि वादक बिचारा चुकतो असं वाटतं. सॉफ्टवेअर म्हणाल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरतं.

तिसरा आणि चौथा पडदा : स्पीकर व कान

तुमचं रेकॉर्डिंग लोक कशावर ऐकणार? मोबाईलच्या स्पीकरवर. त्या नखाएवढ्या पडद्याला धुम्याचा मूळ सूर काढताच येत नाही. तरीही आपल्याला धुमा ऐकल्यासारखा वाटतो. कसा? वरचे दुप्पट-तिप्पट सूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे इथेही सुरात लावलेला पखवाज कामी येतो. ज्याचे वरचे सूर नीट, त्याचा खालचा सूर मोबाईलवरही जाणवतो. म्हणून मिसळताना खालचा आवाज वाढवत बसू नका. तो मोबाईलवर वाढत नाही, आणि मंदिराच्या मोठ्या स्पीकरवर मात्र छाती फोडतो.

इफेक्ट कमीत कमी. 35-40 कंपनांच्या खालचा भाग काढून टाका, तिथे पायाची धपधप आणि वाराच असतो. बाकी काही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या. थकलेल्या कानाला सगळंच मंद वाटतं आणि माणूस आवाज वाढवत सुटतो. सकाळी ऐका, कमी आवाजात ऐका, दुसऱ्या खोलीत उभं राहून ऐका. तिथूनही बोल कळले, तर काम झालं.

पैसा कुठे आणि कोणत्या क्रमानं

इथल्या विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची पंगत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लाखोंची पंगत, ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी येते आणि तरी गोंधळ होत नाही. का? आधी ओळी, मग वाढप. वाढप आधी आणि ओळी नंतर असं केलं, तर कितीही अन्न असो, पुरत नाही. पैशाचंही तसंच आहे.

पहिला पैसा वाद्यावर. पुडी फाटकी, वादी सैल, शाईला तडे असतील, तर जाणत्या कारागिराकडून पुडी बदलून घ्या. दुसरा पैसा चांगल्या वायरच्या हेडफोनवर, कारण ऐकू आलं नाही तर दुरुस्त काय करणार? तिसरा, माइकच्या एका घट्ट स्टँडवर. हातात धरलेला माइक म्हणजे हलता पाट. चौथ्या क्रमांकावर माइक आणि इंटरफेस. माइक घेताना सेकंड हँड चालतो, पण वाजवून घ्या. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम वीज लागते, ती देणारा इंटरफेस आहे का ते विचारून घ्या. साधा डायनॅमिक माइक दणकट असतो आणि खोलीचा ठणठणाट कमी उचलतो. वाईट खोलीत तोच बरा. भाव बदलत राहतात, हा क्रम बदलत नाही. आणि यासाठी हप्ते बांधून घेऊ नका. पहिली दहा रेकॉर्डिंगं मोबाईलवर करा. अकराव्या वेळी काय कमी पडतंय ते तुम्हाला स्वतःलाच कळेल, तेवढंच घ्या.

नोंद कोणाची?

शेवटचा मुद्दा माझ्या विषयाचा आहे. तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या वादकाचा हात रेकॉर्ड केला. तो कोणाचा? बटण दाबणाऱ्याचा की वाजवणाऱ्याचा? माझं उत्तर स्पष्ट आहे. आधी विचारा, मग रेकॉर्ड करा. रेकॉर्ड झाल्यावर त्यांनाच पहिल्यांदा ऐकवा. ते म्हणाले, "हे नको, पुन्हा घेऊ," तर पुन्हा घ्या. इंटरनेटवर टाकायचं असेल तर वेगळं विचारा. फाइलच्या नावात वादकाचं नाव, गाव, तारीख, ताल आणि पट्टी लिहा, आणि सुरुवातीला त्यांच्याच आवाजात दोन वाक्यं घ्या : कोणाकडून शिकलो, हा बोल कुठला. वीस वर्षांनी त्या दोन वाक्यांची किंमत पूर्ण वादनाइतकी असेल. 'नवीन रेकॉर्डिंग 7' या नावाची फाइल म्हणजे बेवारस प्रेत. आणि फाइल तीन ठिकाणी ठेवा. मोबाईल पाण्यात पडतो, पेनड्राइव्ह हरवतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावतात, त्यानं फरक पडतो का?

फारच थोडा. पुठ्ठा पातळ आहे, हवेला अडवण्याइतका त्यात जीव नाही. शेजाऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून लावत असाल, तर काहीच उपयोग नाही. आवाज बाहेर जाणं थांबवायचं तर जाड भिंत आणि बंद फटी लागतात. आणि ट्रे पटकन पेटतात. गोधडी टांगा.

प्रश्न : टाळ, हार्मोनियम, गायक आणि पखवाज एकत्र, माइक एकच. कसं करायचं?

गायसबर्गच्या काळात करायचे तसं. बटणानं नव्हे, अंतरानं तोल साधायचा. गायक माइकच्या सगळ्यात जवळ, मग हार्मोनियम, मग पखवाज, आणि टाळकरी सगळ्यात मागे, भिंतीकडे. टाळाचा आवाज टोकदार असतो, तो सगळ्यांना कापत जातो. एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका, माणसं सरकवा. चार-पाच वेळा असं केलं की तोल बसतो. बसल्यावर सतरंजीवर खडूनं खुणा करून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे बँडमधला ड्रमसेट आहे. त्याला एवढ्या माइकांचे पैसे कुठून आणू?

आठ-दहा माइक लागतातच असं नाही. ग्लिन जॉन्स नावाच्या इंग्रज ध्वनिमुद्रकाची पद्धत प्रसिद्ध आहे. एक माइक सेटच्या वर, दुसरा जमिनीवरच्या मोठ्या टॉमच्या बाजूला, आणि दोन्ही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर. ते अंतर दोरीनं मोजा, म्हणजे मघाशी सांगितलेली लाटांची भांडणं होत नाहीत. तिसरा माइक मोठ्या बेस ड्रमसमोर. सुरुवातीला एकच माइक असेल तर सेटसमोर चार-पाच फुटांवर, छातीइतक्या उंचीला. बाकी सगळं पखवाजासारखंच. आधी कातडी ताणून सूर जुळवा.

प्रश्न : आता कीबोर्डमध्ये, ऑक्टोपॅडमध्ये पखवाजाचे आवाज तयार मिळतात. मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न चांगला आहे. ते आवाजही कोणीतरी वाजवलेलेच आहेत, कुठेतरी रेकॉर्ड केलेलेच आहेत. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. पण त्यात 'धा' एकदा घेतलेला असतो आणि हजारदा तोच येतो. माणसाचा 'धा' प्रत्येक वेळी वेगळा. अभंगाचा चरण चढला की तो चढतो, गायकाचा श्वास अपुरा पडला की तो क्षणभर थांबून घेतो. यंत्र गायकाकडे बघत नाही, पखवाजी बघतो. आपल्या गावचे पखवाजी कसे बघायचे, कुठे थांबायचे, हे पुढच्या पोरांना कळायचं असेल, तर त्यांचेच हात नोंदवायला हवेत. ते तयार मिळणार नाहीत. म्हणून घरी जा, आजोबांना विचारा, आणि कणीक मळायला घ्या.